निवाऱ्याच्या भिंतीवर कोण बसणार?

पार्श्वभूमी

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, दारव्हा-कारंजा पट्ट्यातलं. नाव देत नाही, कारण यातली निम्मी माणसं अजून रोज त्याच थांब्यावर भेटतात. कापूस, सोयाबीन, तूर आणि बुधवारचा बाजार. मी तिथल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतो आणि तालुक्याच्या गावाहून एसटीनं जाणं-येणं करतो. (मुख्यालयी राहण्याचा विषय इथे कोणी काढू नये, ही विनंती.) त्यामुळे संध्याकाळचा पाऊण तास माझा प्रवासी निवाऱ्यात जातो, गाडी वेळेवर आली तर थोडा कमी.

निवारा म्हणजे तीन भिंती, वर स्लॅब, पुढची बाजू रस्त्याकडे उघडी, आत सिमेंटचा ओटा. शेजारी पानठेला, समोर चहाचं हॉटेल, कडेला एक जुना कडूलिंब. मागची भिंत साधारण अठरा फूट लांब. गावातली सगळ्यांत मोठी सपाट जागा हीच, आणि गावातला प्रत्येक माणूस कधी ना कधी तिच्यासमोर बसतो. तिच्याकडे चित्राची जागा म्हणून पाहायला मला दोन वर्षं लागली. तोवर मी मोबाइल पाहत बसायचो.

अडचण

खर्रा. विदर्भातल्या वाचकाला यापुढे काही सांगायची गरज नाही. बाहेरच्यांसाठी एवढंच की गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून दिलेला खर्रा ठेल्याठेल्यावर मिळतो. तो तोंडात असेपर्यंत माणूस शांत असतो. नंतर त्याला भिंत लागते.

आमची मागची भिंत कमरेइतक्या उंचीपर्यंत तांबडी-काळी झाली होती. ओट्याच्या दोन्ही टोकांना बसणं शक्यच नव्हतं. इतकी वर्षं हे चाललं, कारण निवाऱ्यात मुख्यत्वे पुरुष बसत आणि त्यांना चालत होतं. मार्च 2023 मध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याआधीच्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत झाला होता. बाजाराला, माहेरी, दवाखान्यात, बँकेत, उगाच लेकीला भेटायला बाया निघू लागल्या. थांब्यावरची गर्दी बदलली आणि ती सगळी गर्दी निवाऱ्याबाहेर लिंबाखाली उभी राहू लागली. आत चार-पाच माणसं आणि पिचकाऱ्या, बाहेर तीस बाया उन्हात. एका आजीनं मला सरळ विचारलं, "गुरुजी, हे घर कोनासाठी बांधलं हाये?"

दिवाळीच्या सुट्टीआधी मी आणि सातवीच्या पोरांनी हौसेनं चुना मारला. आठ दिवसांत डाग जसेच्या तसे वर आले. सुपारीचा रंग चुन्याखाली दबत नाही. मुळात चुन्यानंच तर तो लाल होतो! हे मला भिंत रंगवून झाल्यावर कळलं.

पुढ्यात काय काय होतं

26 जानेवारी 2024 च्या ग्रामसभेत विषय निघाला. पहिली सूचना ठरलेली होती: देवांच्या टाइल्स लावा, मग कोणी थुंकत नाही. तालुक्याच्या एका कचेरीच्या जिन्यात तशा लावलेल्या आहेत. तिथे लोक दोन टाइल्सच्या मधल्या जागेत नेम धरून थुंकतात, हे सभेतल्या बहुतेकांनी पाहिलेलं होतं. विहारातल्या मंडळींनी आणि मुसलमान मोहल्ल्यातल्या एका सदस्यानं नापसंती दाखवली, पण विषय संपवला सरपंचबाईंनी: "देवाले भिताडाची राखण करायला बसवाचं का?"

दुसरी सूचना जास्त वजनाची होती. गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज. एक अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, दुसरे त्याच जिल्ह्यातल्या यावलीचे. दोघंही आमच्या भागाचे आणि स्वच्छता हा दोघांचाही विषय. हातात खराटा घेतलेले बाबा निवाऱ्यात शोभलेही असते. इथे ग्रामसेवकांनी एक गोष्ट काढली, जी मला सुचलीच नव्हती. उद्या एखाद्या दारुड्यानं त्या चित्रावर पिचकारी मारली, तर ती भिंतीची घाण राहत नाही, ते विटंबनेचं प्रकरण होतं. गावात पोलीस गाडी येते. शिवाय दोन महापुरुष काढले की तिसरा का नाही, हा प्रश्न जयंतीच्या आत उभा राहतो. अठरा फुटांत किती जण बसवणार?

तिसरा पर्याय जिल्ह्याच्या ठिकाणाहून आला. एक ठेकेदार चौरस फुटाच्या भावानं वारली काढून देतो. शाळा, पंचायत समिती, स्मशानभूमी, सगळीकडे तेच. वारलीबद्दल मला आदर आहे, म्हणूनच ती इथे नको वाटली. पालघरकडच्या आदिवासी बायकांनी लग्नाच्या घरात तांदळाच्या पिठानं लिहिलेला चौक तो. आमच्या गावात तारपा, म्हणजे त्या नाचात वाजतं ते वाद्य, कोणी पाहिलेला नाही. साच्यातून उतरवलेल्या त्या गोल नाचापुढे बसून आमची आजी ओळखणार कोणाला?

'येथे थुंकू नये' हे आधीच लिहिलेलं होतं. वाचता येत नव्हतं, कारण त्यावर थुंकलेलं होतं.

मी मांडलेली सूचना होती: गावातली साधी माणसं काढू. मला ती सुचली सेवाग्राममुळे. शाळेची सहल नेली होती, तेव्हा गांधीजींच्या बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर त्यांच्या शिष्या मीराबेननं उठावात केलेली ताडाची झाडं आणि चरखा पोरांनी हात मागे बांधून पाहिला होता. ना काच, ना चौकट, घराच्या भिंतीतूनच उगवल्यासारखं. परत येताना बसमध्ये त्यांना मोबाइलवर चित्रकार नंदलाल बोसांची 1938 च्या हरिपुरा काँग्रेसची चित्रं दाखवली. गांधीजी तेव्हा सेवाग्रामलाच राहत होते. खेड्यातल्या माणसाला येता-जाता दिसेल अशी कला अधिवेशनाच्या जागी हवी, असं त्यांचं म्हणणं. बोसांनी शिंपी, चांभार, ढोलकीवाला, स्वयंपाक करणारी बाई असे लोक हातकागदावर काढले. पोरं म्हणाली, "सर, आपल्या गावातले बी असेच काढू." मला ते फार पटलं. पुढे माझी चूक झाली तीही याच चित्रांमुळे.

पहिला अडखळा: डफडं

ग्रामसभेनं हो म्हटलं. पैशाची तोड ग्रामसेवकांनी काढली. पंधराव्या वित्त आयोगाचा साठ टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला असतो. भिंत घासणं, धुणं आणि प्रायमर त्या खात्यात बसवलं. चित्राचा खर्च लोकवर्गणीतून. आचारसंहिता लागायच्या आत उरकायचं, एवढी एकच अट. लोकसभेची घोषणा मार्चमध्ये होणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

मी बारा माणसांची यादी केली. ढोरं चारणारे दादाजी, बोरं विकणारी आजी, शिंपी, पोस्टमन, डफडं वाजवणारे एक काका, लोहार वगैरे. प्रत्येक जण आपापल्या कामासह. हरिपुऱ्यासारखं. यादी हॉटेलच्या भिंतीला लावली आणि त्याच संध्याकाळी डफडंवाल्या काकांचा मुलगा शाळेत आला. तो पुसदला कंपाउंडर आहे. आवाज चढवला नाही.

"गुरुजी, माहा बाप डफडं वाजवते हे गावाले ठाऊक हाये. भिताडावर कायले लिहिता? तुमाले डफडं दिसते, मले बाप दिसते."

मी त्याला कलेचा सन्मान वगैरे काही तरी सांगितलं. तो म्हणाला, "मंग तुमचा हातात छडी घेऊन काढा."

त्या रात्री मी यादी पुन्हा वाचली. आडनावं झाकली तरी प्रत्येकाची जात वाचता येत होती. कामासह माणूस काढणं म्हणजे आमच्याकडे त्याला त्याच्या जागी पुन्हा बसवणं. ज्या कामातून बाहेर पडायला दोन पिढ्या गेल्या, ते काम मी ऑइलपेंटमध्ये पक्कं करायला निघालो होतो. बोसांची चित्रं बघणाऱ्याला तो चांभार कोणाचा बाप आहे हे माहीत नसतं. आमच्या थांब्यावर माहीत असतं.

या प्रकरणातला सगळ्यांत मोठा निर्णय इथला, आणि तो माझ्या डोक्यातून आलेला नाही. दुसऱ्या दिवशी पेंटर, मी आणि दोन-तीन पोरं निवाऱ्यातच बसलो होतो. डफडंवाले काका नेहमीसारखे कोपऱ्यात, मांडीवर छोटा रेडिओ, कानाशी नेलेला. पेंटर म्हणाला, "यायले असंच काढू ना. गाडीची वाट पाहत." मग त्यानं हात फिरवून सगळा निवारा दाखवला. "सबन जन असेच. इथं कोनी लोहार नाही का कोनी पाटील नाही. इथं सबन पॅसिंजर."

नियम ठरला: जो माणूस खरोखर या थांब्यावर थांबतो, तो थांबलेला काढायचा. हातात कामाचं हत्यार नाही. पिशवी, छत्री, डबा, नातू, काहीही चालेल. सरपंचबाईंनी स्वतःला वगळायला सांगितलं. त्या स्कूटीनं जातात, हे कारण नियमात बसत होतं, आणि आचारसंहितेतही.

काम

पेंटरबद्दल थोडं लिहायलाच हवं. पन्नाशीचा माणूस. एकेकाळी बैलगाड्या, दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, निवडणुकीच्या भिंती, सगळं त्याच्या हातचं. फ्लेक्स आलं आणि त्याचं काम गेलं. आता पोळ्याला लाकडी बैल आणि गणपती रंगवतो, बाकी वर्ष मजुरी. मी त्याला आधी 'गावासाठी' फुकट करायला सांगितलं होतं. तो म्हणाला, "कला म्हनून बोलावलं त कोनी पैसे देत नाही. बोर्ड म्हनून बोलावलं त देते. तुमी बोर्ड समजा." रोजाचे सहाशे ठरले, नऊ दिवस.

डागांवर आधी सोड्याचं पाणी आणि तारेची घासणी, चार दिवस वाळवण, मग डाग अडवणारा तेली प्रायमर. चुन्यानं जे झालं नाही ते यानं झालं. मग बाहेरच्या भिंतीचा इमल्शन. खालचे तीन फूट गेरूच्या रंगाचा ऑइलपेंट, म्हणजे पुसता येईल. हा पट्टा ठेवायचं माझं डोकं, त्याचं पुढे येईलच.

मागच्या भिंतीला एक तिरपी भेग होती. काळ्या जमिनीत हे चालायचंच. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचं बांधकाम ओढून नेते. गवंडी म्हणाला, भरून उपयोग नाही, परत उघडेल. पेंटरनं तिची बाभळीची फांदी केली. पुढच्या मे महिन्यात भेग वीतभर पुढे गेली, तेव्हा त्यानं तिला आणखी काटे आणि एक चिमणी काढून दिली. फांदी वाढते आहे.

अकरा माणसं आणि एक रेल्वे झाली. रेल्वे म्हणजे शकुंतला, यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मुर्तिजापूरला जाणारी छोटी गाडी. 1994 पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावली. आता रुळांवर गवत आहे. म्हाताऱ्यांनी हट्टच धरला की गाडीची वाट पाहणाऱ्यांच्या मागे गाडी तीच पाहिजे. नियमात बसत नव्हती, कारण ती येणारच नाही. पण बारा जणांच्या यादीवर जेवढे वाद झाले, तेवढ्यात रेल्वेवर एकही नाही. रेल्वेला जात नसते.

एका मुलीचं प्रकरण लवकर सुटलं. बारावीची मुलगी, रोज कॉलेजला जाते. चित्रात तिचा चेहरा उतरल्यावर वडिलांना पसंत पडलं नाही. काढून टाका म्हणाले. ती स्वतः म्हणाली, "माही पाठ काढा, मी गाडीकडं पाहून राह्यली." आता दप्तर, वेणी आणि पाठ. तिच्या मैत्रिणी पाठीवरून तिला ओळखतात, बाहेरच्यांना कळत नाही. चेहऱ्यापेक्षा चांगलं चित्र झालं, असं माझं मत.

पानठेल्याचा प्रश्न

खर्रा विकणाऱ्याला भिंतीवर घ्यायचं का? पोरांचं म्हणणं नको. मलाही तो ढोंगीपणा वाटत होता. पण तो सकाळी पहिल्या गाडीपासून रात्रीची मुक्कामी गाडी लागेपर्यंत तिथेच असतो. थांबणाऱ्यांत तोच पहिला. सुटे पैसे, गाडी गेली की यायची आहे याची बातमी, विसरलेली पिशवी, सगळं त्याच्याकडे. त्याला ओट्याच्या डाव्या टोकाला, म्हणजे सगळ्यांत जास्त घाण जिथे होती तिथे बसवला.

आठवड्याभरात त्याचा आवाज निवाऱ्यात येऊ लागला: "माह्या तोंडावर थुकतं का बे?" जो पन्नी हातात देतो, तोच हे म्हणतो. मी त्याला खर्रा बंद करायला लावलेला नाही, तो करणारही नाही. त्यानं ठेल्यापाशी रेती भरलेला डबा ठेवला, एवढं झालं.

पावसाळा आणि पोळा

जूनच्या शेवटी खालच्या पट्ट्याला फोड आले. ऑगस्टपर्यंत गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत पापुद्रे सुटले. चार-पाच जणांचे पाय गेले. ऑइलपेंट पुसता येतो हे खरं, पण भिंतीत खालून चढणारी ओल तो बाहेर पडू देत नाही. पेंटरनं मला आधी सांगितलं होतं की खाली चुना-गेरू ठेवा. मी पुसता येण्याच्या मागे लागलो.

पोळ्याच्या दिवशी आखरावर तोरणाखाली बैल उभे राहिले आणि झडत्या, म्हणजे पोळ्यात म्हणायची टोमण्यांची गाणी, सुरू झाल्या. पोळ्यात कोणाची उतरवायची राहत नाही. आमचीही उतरली:

निवाऱ्याच्या भिताडावर बसले अकरा गडी,
पाय त्याइचे मास्तरानं खाल्ले पहिल्याच झडी!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

सगळं गाव हसलं. मीही. कुठल्याही अहवालापेक्षा हा शेरा नेमका होता. त्या दिवाळीत, घरं पोतारायच्या वेळी, सातवीच्या पोरांनी खालचा पट्टा खरवडून चुना आणि गेरू चढवला. पेंटरनं पाय परत काढले, अर्ध्या दिवसाची मजुरी घेऊन. घरची भिंत दरवर्षी पोतारतात, तशीच ही. लोकांना समजावून सांगावं लागलं नाही.

काय झालं

थुंकणं बंद झालं असं मी म्हणणार नाही. आधी मोजलं नव्हतं, त्यामुळे आता मोजून उपयोग नाही. चित्राच्या भिंतीवर दीड वर्षात दोनदा पिचकारी दिसली, दोन्ही वेळा बाजाराच्या दिवशी. निवाऱ्याच्या मागच्या, बाहेरच्या बाजूला मात्र आधीपेक्षा जास्त घाण आहे. ती तिथे सरकली, एवढं नक्की.

बाया आत बसतात. हा बदल डोळ्यांना दिसतो. दुपारच्या गाडीला ओटा भरलेला असतो.

आणि एक गोष्ट झाली, जी आम्ही योजलीच नव्हती. माणसं आपल्या चित्रापाशी बसत नाहीत, दुसऱ्याच्या चित्रापाशी बसतात आणि त्यावर बोलतात. बोरंवाल्या आजीच्या हातातली पिशवी पेंटरनं हिरवी केली. आजीची पिशवी निळी. हा वाद सहा महिने चालला. शेवटी आजीनं हिरवी पिशवी विकत घेतली. डफडंवाल्या काकांचा रेडिओ बिघडला, तेव्हा भिंतीकडे बोट करून पोरं विचारत, "काका, त्याच्यावर बातम्या लागल्या का?" बाहेरगावचा कोणी उतरला की आधी भिंतीकडे पाहतो, मग ओट्यावर बसलेल्यांकडे, मग परत भिंतीकडे. ओट्यावरचे लोक तोंडं सरळ ठेवून त्या क्षणाची वाट पाहतात. माझा पाऊण तास आता यात जातो. गाडी उशिरा आली तर मी तक्रार करत नाही.

आज पुन्हा करायचं तर

यादी मी करणार नाही. आठवडाभर थांब्यावर बसून, कोण कुठे बसतं ते पोरांना लिहायला लावीन. संमती तोंडी घेतली होती. त्या मुलीच्या वेळी कळलं की चित्र पूर्ण झाल्यावर पुन्हा विचारावं लागतं, कारण हो म्हणताना माणसाला आपण कसे दिसू हे ठाऊक नसतं. पेंटरला पहिल्या बैठकीपासून बोलावीन आणि खालच्या तीन फुटांबद्दल त्याचं ऐकेन. मागची बाहेरची बाजूही त्याच वेळी हाती घेईन.

एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही. काम चालू असताना एक बाई आल्या. नवरा तीन वर्षांपूर्वी गेला. कसा गेला ते आमच्या जिल्ह्यात विचारावं लागत नाही. तो रोज सकाळच्या गाडीनं जिनिंगला कामाला जायचा, ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात बसायचा. फोटो आणला होता. "यायले बी बसवा," म्हणाल्या. नियम नुकताच ठरला होता, जो आता थांबतो तोच. एकाला मोकळीक दिली तर गावातला प्रत्येक गेलेला माणूस येईल, अशी मला भीती. मी नाही म्हटलं. त्यांनी फोटो पदरात गुंडाळला आणि गेल्या. त्यानंतर रेल्वे मात्र काढली, जी येत नाही.

निवारा स्वच्छ झाल्यापासून सगळ्या बाया आत बसतात. त्या बाई मात्र अजून लिंबाखाली उभ्या राहतात, ऊन असो की पाऊस. उजव्या कोपऱ्यात पेंटरनं एक छत्री टेकवून ठेवली आहे, माणूस नाही. मी विचारलं तर म्हणतो, जागा उरली होती. या दिवाळीला पोतारा सुरू व्हायच्या आधी मी त्या बाईंकडे जाणार आहे. काय विचारायचं ते ठरलेलं नाही.